मेडिकल स्कूलसाठी केमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) केली तर चालेल का?

चालते गं, पण फी भरण्याआधी एक काम कर. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल्स जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर लॅबसकट मागतात, पुढे ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री. काही ठिकाणी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालते. प्रत्येकाचा नियम निराळा, म्हणून एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या अटींच्या ऑनलाइन यादीत, एकेक स्कूल तपास. शंका राहिली तर अ‍ॅडमिशन ऑफिसकडून ईमेलवर लेखी उत्तर घे.

मी नोकरी सांभाळून जनरल केमिस्ट्री संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात केली. ऑरगॅनिक मात्र मुद्दाम विद्यापीठात घेतली, कारण अवघड विषय तिथे झेपतो हे अर्जात दिसावं असं मला वाटत होतं. आजही तोच सल्ला देईन.

ऑनलाइन लॅबला फार जप. थिअरी ऑनलाइन मान्य करणारी काही स्कूल्सही लॅब प्रत्यक्षच हवी म्हणतात.

तुझी बीएस्सी पुण्याची आहे ना? एएमकॅस, म्हणजे मेडिकल स्कूल्सना एकत्रित अर्ज करायची सेवा, परदेशी गुण जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाही, त्यामुळे इथले हे मोजके कोर्सच तुझा जीपीए ठरवतील. एका सेमिस्टरला एकच घे. झेपत नसेल तर ड्रॉपच्या मुदतीआधी सोड. कोर्स पुन्हा केलास तरी एएमकॅस दोन्ही ग्रेड मोजतं.