गीज बेंडच्या गोधड्या

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या तेथील कलासंग्रहालयांत मांडल्या जातात, असे वाचले. आई-आजीकडून शिकलेले आणि गरजेपोटी केलेले हे काम त्या स्त्रीचा स्वतःचा आविष्कार कसे मानायचे?

उत्तर : अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणात वसलेल्या गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पेटवे आडनावाची पुष्कळ घरे आहेत. हे आडनाव १८४५ मध्ये तेथील मळा ताब्यात घेणाऱ्या गुलाममालकाचे आहे. ज्यांना आडनावही स्वतःचे मिळाले नाही, त्या घरांतील स्त्रियांनी जुन्या कपड्यांचे तुकडे मात्र आपल्या मर्जीने जोडले. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या वाढवत न्यायच्या, ही 'हाउसटॉप' रचना मुली आईजवळ बसून शिकत. पण पट्टी कोठे रुंद करायची आणि मध्येच लाल रंग कोठे आणायचा, हे जिची तीच ठरवी.

मिसुरी पेटवे यांचे पती वारले, तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी पतीचे कामाचे कपडे फाडून गोधडी केली आणि कपडे फाडायला त्यांची मुलगी आर्लोंझिया मदतीला होती. विजारींचे पाय आणि सदऱ्यांचे घेर त्या गोधडीत गेले. कापडावरचे डाग आणि विटलेपण तसेच राहिले. पुढे आर्लोंझिया यांनीही गोधड्या शिवून नाव मिळवले.

१९६२ मध्ये, तेथील लोक मतदार-नोंदणीसाठी पुढे येऊ लागले त्या काळात, नदीपलीकडे नेणारी नाव बंद झाली; ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. अशा तुटलेल्या वस्तीत १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था निघाली आणि कमाईची वाट उघडली, परंतु गिऱ्हाइकाला एकसारखा माल हवा असे. पुढे एका मोठ्या दुकानाच्या उशांच्या अभ्र्यांसाठी आलेल्या कॉर्डरॉय या जाड, उभ्या रेघांच्या कापडाचे उरलेले तुकडे घरोघरी पोहोचले आणि त्यांतून अत्यंत मोकळ्या रचना झाल्या. मला त्याच सर्वांत प्रिय आहेत.

२००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रदर्शने झाल्यावर समीक्षकांनी या कामाची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली. ती सन्मानाने केलेली असली, तरी मला ती अपुरी वाटते. एकाच घरातील आईची आणि लेकीची गोधडी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. लेकीने कोणती ओळ आईची ठेवली आणि कोणती मोडली, हे तेथेच दिसते आणि तिचा आविष्कार त्या मोडण्यात जितका असतो, तितकाच ठेवण्यातही असतो.