लिव्हरपूलच्या सामन्यात २०व्या मिनिटाला अख्खं स्टेडियम का गातं?

तुम्ही विचारलंय की टीव्हीवर लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा सामना बघताना २० मिनिटं झाली की प्रेक्षक एकदम गायला लागतात, ते कशासाठी? आणि माणूस जाऊन इतके महिने झाल्यावरही हे चालू ठेवणं जरा अति होत नाही का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. ते गाणं दिओगो जोटासाठी असतं, लिव्हरपूलकडून खेळणारा पोर्तुगालचा फॉरवर्ड. २० हा त्याच्या जर्सीचा नंबर. ३ जुलै २०२५ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, स्पेनमधल्या झामोरा प्रांतात हायवेवर झालेल्या अपघातात तो गेला. गाडीत धाकटा भाऊ आंद्रे सिल्व्हाही होता, तोही व्यावसायिक फुटबॉलपटू. एक २८ वर्षांचा, दुसरा २५. जोटाच्या लग्नाला जेमतेम अकरा दिवस झाले होते आणि पदरात तीन लहान मुलं. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर विमानप्रवास टाळायचा सल्ला मिळाला होता, म्हणून तो गाडीने उत्तर स्पेनकडे निघाला होता. तिथून बोटीने इंग्लंडला, सरावासाठी. क्लबने २० नंबर सगळ्या स्तरांवर कायमचा बंद केला. आता ती जर्सी कोणालाच मिळणार नाही.

आता 'अति' वर बोलतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

मी नाशिकचा, पंचवटीत वाढलेला. रामकुंडावर कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन येतात हे लहानपणापासून बघत आलोय. पितृपक्षात तर पाय ठेवायला जागा नसते. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांसाठी पिंडदान करणाऱ्याला तिथे कोणी म्हणत नाही, आता पुरे करा. घरच्यांना दहावा असतो, तेरावा असतो, वर्षश्राद्ध असतं. चाहत्याला काय असतं? तो ना सोयरा ना सुतकी. त्याला सुट्टी मिळत नाही, कोणी सांत्वनाला येत नाही. पण त्या पोराचे गोल बघत त्याने पाच वर्षं रात्री जागवलेल्या असतात. हे सगळं ठेवायचं कुठे? म्हणून त्याने सामन्याच्या घड्याळातच एक जागा धरली. २०वं मिनिट आलं की आठवायचं, आणि मग पुढचा खेळ बघायचा.

शांतता का पाळत नाहीत, असंही मनात येईल. तीही पाळतात. १० ऑगस्ट २०२५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, मोसम सुरू करणाऱ्या कम्युनिटी शील्डच्या सामन्याआधी पाळली होती. काही प्रेक्षकांनी आरडाओरडा केला आणि रेफरीला ती लवकर संपवावी लागली. मला फार लागलं ते. शांतता मोडायला पाच-दहा माणसं पुरतात, पण पन्नास-साठ हजार गळ्यांतून एकदम निघणारं गाणं कोण मोडणार? शिवाय हे त्याच्या मरणावर रचलेलं गाणं नाहीच. तो खेळत असताना, त्याने गोल केला की हेच म्हणायचे. म्हणजे आजही त्याच्या खेळालाच दाद देतात.

आणि खेळ तसा होताच. अंगाने काही दांडगा नव्हता, पण गोलसमोरच्या बॉक्समध्ये चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. ३० एप्रिल २०२३ चा टॉटनहॅमविरुद्धचा सामना शोधून बघा. ३-० ने पुढे असलेलं लिव्हरपूल ९३व्या मिनिटाला ३-३ वर आलं. सगळे डोक्याला हात लावून बसलेले, आणि पुढच्याच मिनिटाला समोरच्याचा पास चुकला, जोटाने तो उचलला आणि मारला. ४-३.

पण माझा आवडता गोल त्याचा शेवटचाच. २ एप्रिल २०२५, एव्हर्टनविरुद्ध, गावातलाच हाडवैरी. सामना अडकला होता, ०-०. लुईस दियाझने टाचेने चेंडू मागे सोडला. जोटाने पहिलाच स्पर्श असा केला की चेंडू बचावपटूंच्या मधल्या फटीत गेला. दुसऱ्या कोणी तिथूनच घाईने मारला असता. हा अजून एक पाऊल आत शिरला, बचावपटू अंगावर येत असताना तोल सांभाळला आणि जमिनीलगत मारला. १-० ने जिंकले. त्या मोसमात लीगही जिंकली, क्लबची २०वी. पुढे जूनमध्ये पोर्तुगालकडून खेळताना नेशन्स लीग, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धाही जिंकला. आयुष्यातला सगळ्यात भरलेला महिना तो, आणि तोच शेवटचा पूर्ण महिना ठरला.

आमच्या वयाच्या पोरांना तो जवळचा वाटायचं आणखी एक कारण म्हणजे प्लेस्टेशन. २०२१ मध्ये तो 'फिफा' गेममध्ये जगातल्या क्रमवारीत पहिला आला होता. गोल केला की कधीकधी मैदानात बसायचा आणि हातात कंट्रोलर असल्यासारखी बोटं फिरवायचा. इंदिरानगरच्या टर्फवर आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी तसा बसलाय.

बातमी आली ती गुरुवारची दुपार होती. मी कामावर होतो. ग्रुपवर कोणीतरी टाकलं आणि आधी सगळ्यांनी त्यालाच झापलं, की असल्या अफवा पसरवू नकोस. मग क्लबचंच निवेदन आलं. त्या रविवारी टर्फवर चिखल आणि पाऊस होता, तरी सगळे आले. एकाने पिवळ्या बिबवर, म्हणजे टीम ओळखायला वरून घालतात त्या बनियनवर, काळ्या मार्करने २० लिहून आणलं होतं. पावसाने शाई ओघळून शून्याचा नुसता डाग झाला, तरी त्याने ते काढलं नाही. २० मिनिटांनी आम्ही खेळ थांबवला आणि टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टर्फवर क्रिकेट चालू होतं. त्यांनी विचारलं काय झालं, आम्ही सांगितलं, तेही थांबले. जोटा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता इतके महिने झाल्यावरही हे कशाला, असं म्हणत असाल तर खेळाडूंकडेच बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ ने हरवून २०२६ चा वर्ल्डकप गाठला. कॅप्टन अँडी रॉबर्टसन, लिव्हरपूलमधला जोटाचा जिवलग. आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र, आणि मुलाखतीत तो बोलला ते जोटाबद्दल. दिवसभर तोच डोक्यात होता म्हणाला. २०२२ चा वर्ल्डकप दोघांचाही हुकला होता, रॉबर्टसनचा देश पात्र ठरला नाही आणि जोटाची पोटरी दुखावली. पुढच्या वर्ल्डकपचं दोघं एकमेकांशी बोलायचे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये आयर्लंडविरुद्ध पोर्तुगालचा गोल होता होत नव्हता, तो भरपाईच्या वेळेत रुबेन नेव्हेसने हेडरने केला. त्याच्या अंगावर २१ नंबर होता, पोर्तुगालकडून जोटा घालायचा तोच. अंत्ययात्रेत त्याने मित्राला खांदा दिला होता.

आणि ही प्रथा काही लिव्हरपूलने काढलेली नाही. सेव्हिया या स्पॅनिश क्लबचा अंतोनियो पुएर्ता २००७ मध्ये सामन्यात कोसळला आणि तीन दिवसांनी गेला, अवघ्या २२ व्या वर्षी. त्याचा नंबर १६, तिथे १६व्या मिनिटाला त्याचं नाव घेतात. एस्पान्योल या दुसऱ्या स्पॅनिश क्लबचा कॅप्टन दानी हार्के २००९ मध्ये २६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेला, तिथे २१व्या मिनिटाला टाळ्या वाजतात. २०१० च्या वर्ल्डकप फायनलमध्ये गोल केल्यावर स्पेनच्या इनिएस्टाने जर्सी वर करून आतल्या बनियनवर लिहिलेलं दाखवलं होतं, ते याच हार्केसाठी. हार्केला खेळताना कधी न पाहिलेली पोरंही आज त्या टाळ्या वाजवतात. ती विचारतात, हा कोण होता, आणि बाप सांगतो.

खरं तर 'अति' नाही, 'कमी' हा शब्द आपल्याकडे लागू होतो. क्रिस्तियानो ज्युनिअर हे नाव ऐकलंय? ब्राझीलचा, २५ वर्षांचा, गोव्याच्या डेम्पो क्लबकडून खेळायचा. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. डेम्पो २-० ने जिंकली आणि दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो तिथेच कोसळला आणि गेला. मैदानावरच्या अपुऱ्या वैद्यकीय सोयीवरून तेव्हा मोठी टीका झाली. भारतात खेळताना, भारतातली ट्रॉफी जिंकून देताना गेलेला माणूस, आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांना त्याचं नावही माहीत नव्हतं. परवा मी त्यांना ती क्लिप दाखवली. पहिला गोल दोनदा लावायला लावला त्यांनी, दुसरा नाही. मग एकाने विचारलं, त्याचा नंबर कुठला होता?