गाडी महिन्यातून एक-दोनदाच निघते. बॅटरी उतरू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही परदेशात आहात, आई-बाबा पुण्यात असतात, पेट्रोल हॅचबॅक सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते, महिन्यातून एक-दोनदा दवाखान्यासाठी नाहीतर लग्नकार्यासाठी बाहेर पडते. वर्षात दोनदा बॅटरी उतरली, म्हणून बाबा आता रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात. एवढं पुरतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

पुरत नाही. बाबांना ते आजच थांबवायला सांगा. त्यांची काळजी रास्त आहे, पण पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही आणि इंजिनचं मात्र नुकसान होतं.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. २०२०च्या लॉकडाउननंतर उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या घेऊन लोक यायचे, त्यात ‘आम्ही तर अधूनमधून स्टार्ट करत होतो’ असं सांगणारे बरेच असायचे. ते खरंच बोलत होते. म्हणून उभ्या गाडीत काय होतं ते आधी सांगतो.

किल्ली काढून दारं लॉक केली तरी गाडी पूर्ण बंद होत नाही. रिमोटचा रिसीव्हर, सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी, सगळे थोडा थोडा करंट ओढत राहतात. बिघाड नसलेल्या गाडीत हा करंट साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती चार्ज मावतो ते मोजायचं माप) जातात, महिन्याला जवळपास २२. छोट्या पेट्रोल गाडीत बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे गाडीत काहीही बिघडलेलं नसताना महिन्याभरात निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी होते. त्यात कुणी पार्किंग मोडवाला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडून दिला असेल, तर कधी कधी आठवडाही निघत नाही. बाबांच्या गाडीत नंतर बसवलेलं असं काही आहे का, ते पहिल्यांदा बघा.

सेल्फ मारतानाच बॅटरी खर्च होते असं पुष्कळांना वाटतं. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो हे खरं, पण तो सेकंद-दोन सेकंदांपुरता. हिशेब केला तर एका अँपिअर-अवरचा दहावा भागही होत नाही. म्हणजे दिवसभर उभ्या गाडीची गळती एका सेल्फपेक्षा कितीतरी मोठी.

आता ती पाच मिनिटं. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा; जुने मेकॅनिक अजून डायनामोच म्हणतात) सावकाश फिरतो. त्यातून फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन यांची गरज भागली की उरेल ते बॅटरीला मिळतं. एसी किंवा हेडलाइट चालू असेल तर आणखी कमी. सगळं जमून आलं तर फार तर त्या दिवसाची गळती भरून निघते, पण आधीच अर्धी उतरलेली बॅटरी अर्धीच राहते. खरा घात तिथेच होतो. बॅटरी उतरताना प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. वेळेवर चार्ज केलं तर ते निघून जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कठीण खडे बनतात आणि मग चार्जर लावूनही ते पुरते सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा वाया जातो. उन्हाळ्यात हे सगळं आणखी वेगाने होतं.

इंजिनचं म्हणाल तर, थंड असताना त्याला पेट्रोल जास्त लागतं आणि त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून निघणारी वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते आणि तो आतून गंजतो. शिवाय बेसमेंट बंदिस्त असतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वयस्कर माणसाने रोज तिथे चालू इंजिनपाशी थांबावं, हे मला अजिबात पटत नाही.

त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा चाळीस-पन्नास मिनिटांची सलग फेरी मारा, शक्यतो सिग्नल कमी असलेल्या रस्त्याने. टायर, ब्रेक, इंजिन, सगळ्यांना ती हवीच असते. मात्र एवढ्याने बॅटरी काठोकाठ भरते असं समजू नका. शेवटचा वीसेक टक्के चार्ज फार सावकाश शिरतो, त्याला तास लागतात.

घरच्या घरी करता येणारा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्मार्ट चार्जर. तो आधी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन बॅटरी भरतो, मग स्वतःच १३.५ च्या आसपास उतरून तिला भरलेली ठेवतो. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ३ ते ५ अँपिअरचा चार्जर पुरे. महिन्यातून एक रात्र लावला तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं. गॅरेजमधला साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर घरी आणू नका. तो बंद करायला माणूस लागतो, विसरलात की बॅटरी उकळते. घरच्या इन्व्हर्टरवर गाडीची बॅटरी चार्ज करण्याची युक्तीही नको. तो १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशेबाने करंट देतो. गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असेल तर बॅटरी ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची असू शकते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. एजीएम असेल तर चार्जरवर तो मोड हवा.

अडचण प्लग पॉइंटची असते, हे मला ठाऊक आहे. बेसमेंटमध्ये पॉइंट असेल तर कमिटीला लेखी विचारा. असा चार्जर रात्रभर चालला तरी एक युनिटही जळत नाही, हे सांगितलं की बहुतेक ठिकाणी हरकत राहत नाही. पॉइंट नसेलच तर बॅटरी काढून घरी चार्ज करता येते, पण ती दहा किलोच्या आसपास भरते. ते काम बाबांना सांगू नका. चार्जिंगला लावाल तिथे खिडकी उघडी ठेवा, देवघर किंवा गॅस जवळ नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. सोलर पॅनल बेसमेंटमध्ये निरुपयोगी. उघड्या पार्किंगमध्येही तो लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून भागत नाही, कारण अनेक गाड्यांत किल्ली काढली की ते सॉकेट बंद होतं.

चार्जर जमतच नसेल तर बिनखर्चाचा उपाय म्हणजे मायनस टर्मिनल सोडून ठेवणं. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी नेहमी मायनसच काढा. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत एका झटक्यात वर जाणारी काचही पुन्हा सेट करावी लागते. वायर सोडण्याआधी एक खात्री कराच: रिमोटमधली साधी किल्ली बाहेर काढून ड्रायव्हरचं दार तिने उघडतं का. बॅटरी सोडली की रिमोट चालत नाही, आणि बॉनेटची दांडी तर गाडीच्या आतच असते.

तुमच्याकडे येण्यासाठी आई-बाबा चार-सहा महिने परदेशी निघाले, तर बॅटरी पूर्ण चार्ज करूनच मायनस काढायचा. सोडलेली बॅटरीही आपली आपण उतरते: २५ अंशांना महिन्याला तीन ते पाच टक्के, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट. मधे एकदा कुणा नातेवाइकाकडून चार्ज करून घेतलेली बरी. गाडी तेवढे दिवस हँडब्रेकवर ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेक शू चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ओंडका लावा.

बॅटरीची तब्येत कळायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ ला चार्ज करण्याची वेळ झाली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर आधी अल्टरनेटर आणि बेल्ट दाखवून घ्या. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचं नियंत्रण असतं आणि आकडा खालीवर होतो, तिथे घाबरू नका.

एक गोष्ट मात्र चार्जर विकत घेण्याआधी करा. ही बॅटरी दोनदा पूर्ण उतरली आहे. गाडीची बॅटरी पातळ प्लेटांची, क्षणभर जोरात करंट देण्यासाठी बनवलेली असते. पूर्ण उतरणं तिला सोसत नाही. तेव्हा एकदा बॅटरीच्या दुकानात पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बॅटरी टिकते का ते बघणं) करून घ्या. भरल्यानंतर काही तासांतच व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येऊन थांबत असेल तर एक सेल (बॅटरीतला एक कप्पा) मेलेला आहे. मग ती बदलणंच बरं. नवी घेताना बनवल्याचा महिना बघा, दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. तिच्यावर पहिल्या दिवसापासून चार्जर वापरा.

बाबांना सकाळचा आकडा मोजायला सांगा आणि गाडीचं मॉडेल, बॅटरीचं वय यांसह इथे लिहा. आकडा बघून पुढचं सांगतो.