हाडाच्या दाण्यांसाठी वेगळे २५,००० द्यावेत का?

मुलुंडच्या एका ताईंच्या सहा वर्षांच्या, ३४ किलोच्या लॅब्राडॉरचं मागच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. सर्जननी टीटीए ही गुडघ्याची शस्त्रक्रिया सुचवलीय: शस्त्रक्रियेचे ९५,००० आणि हाडातली फट भरायच्या कृत्रिम दाण्यांचे २५,०००. बचत खात्यात ४०,००० आहेत, ७ टक्क्यांची २,४०,००० ची एफडी आहे. ताई १४ टक्क्यांनी, २४ महिन्यांसाठी १,२०,००० चं पर्सनल लोन काढायच्या विचारात आहेत.

ताई, शस्त्रक्रिया टाळू नका. एवढ्या वजनाच्या कुत्र्याचा असा गुडघा नुसत्या विश्रांतीवर सहसा सुधारत नाही, सांधा झिजत जातो. प्रश्न फक्त दाण्यांचा.

टीटीएत नडगीच्या हाडाचा पुढचा भाग कापून काही मिलिमीटर पुढे सरकवतात. मधे केज (धातूचा छोटा पिंजरा) बसते, बाहेरून प्लेट. उरलेल्या फटीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले की त्यांच्या आधाराने नवं हाड आत वाढतं आणि दाणे हळूहळू विरतात. पण त्यांत जिवंत पेशी नसतात. त्याच नडगीतून खरवडून काढलेल्या मऊ हाडात त्या असतात, आणि ते विकत आणावं लागत नाही. लहान फट तर बऱ्याचदा भर न घालताही भरून येते. म्हणून सर्जनना विचारा: केज किती मिलिमीटरची? त्याच्याच हाडाची भर का चालणार नाही? मोठी फट किंवा आधी न जुळलेलं हाड, असं ठोस कारण असेल तर पैसे द्या. ‘घातलेलं बरं’ एवढंच उत्तर आलं तर देऊ नका. टीटीएऐवजी टीपीएलओ ही दुसऱ्या पद्धतीची शस्त्रक्रिया ठरली तर कापलेली हाडं एकमेकांना टेकूनच बसतात, तिथे भर सहसा लागत नाही.

हाड धरून ठेवतात ते केज आणि प्लेट, दाणे नव्हेत. चौथ्या आठवड्यात त्याने सोफ्यावरून उडी मारली तर पुढे सरकवलेला तुकडा मोडू शकतो, दाणे असोत वा नसोत. शिवाय दाणे एक्स-रेत पांढरेच दिसतात, त्यामुळे फट लवकर भरल्यासारखी वाटते. त्यावर विसंबून पट्टा सोडू नका.

वाचलेले पैसे इथे लागतील: सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे, गुळगुळीत लाद्यांवर रबरी मॅट, फिजिओथेरपी, जिना उतरताना पोटाखाली धरायला झोळी. दुसऱ्या पायाचं लिगामेंटही पुढे तुटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून बचत खात्यातल्या ४०,००० ना हात लावू नका.

पर्सनल लोनचा हप्ता सुमारे ५,७६० आणि व्याज १८,००० च्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल. बँका साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त लावतात. ८.५ टक्के धरले आणि महिन्याला तेवढेच ५,७६० भरलेत तर ९५,००० अठरा महिन्यांत फिटतात, व्याज साडेसहा हजारांच्या आत. एफडीचं व्याज चालूच राहतं.

आता विमा घेतलात तर हा गुडघा आधीचा आजार म्हणून वगळला जाईल. आरोग्य विम्यावरची आयकर सवलत पाळीव प्राण्यांना नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर जीएसटी नसतो, कोटेशनमध्ये शस्त्रक्रियेवर तो लावला असेल तर का ते विचारा. आणि ओव्हरड्राफ्टच्या कागदांवर सही करण्याआधी एक्स-रे घेऊन परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या.