सही करण्याआधी स्टिकर मागा

प्रश्न: ठाणे पूर्वेच्या कोपरीतून एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचे यजमान ५९ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशीनवर उभ्याचे काम. दहा वर्षांचा मधुमेह. दहा महिन्यांपूर्वी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांची जांघेतून अँजिओप्लास्टी झाली. नळी काढल्यावर रक्तवाहिनीचे भोक हाताने दाबून न धरता 'क्लोजर डिव्हाइस' हे बुचासारखे उपकरण लावून बंद केले. रात्री अकराला पाय गार पडला, मुंग्या येऊ लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "पट्टी घट्ट आहे, होतं असं." निवासी डॉक्टर पहाटे पाचला आले, डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) सकाळी नऊला झाला. दुपारी मुंबईतल्या दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन करून रक्तवाहिनीच्या आत सरकलेले बूच आणि गुठळी काढली. पाय वाचला, पण पाऊल बधिर आहे आणि मशीनवर उभे राहता येत नाही. पहिले रुग्णालय म्हणते, "ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, तुम्ही संमतीपत्रावर सही केली होती." उपकरणाचा वितरक म्हणतो, "उपकरण चांगले होते, डॉक्टरांनी नीट बसवले नसेल." आता रुग्णालयाने एक कागद पाठवला आहे: 'उपचारांबाबत आमची कोणतीही तक्रार नाही' असे लिहून दिल्यास उरलेले ४८ हजारांचे बिल माफ. तोपर्यंत केसपेपर मिळणार नाहीत. दावा कोणावर करायचा, डॉक्टरांवर की कंपनीवर? आणि सही करायची का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमच्यावर दबाव आहे. सही करू नका. त्या कागदातले 'पूर्ण समाधान' आणि 'भविष्यात कोणत्याही न्यायालयात अथवा आयोगात दाद मागणार नाही' हे शब्द ४८ हजारांपेक्षा फार महाग आहेत. बिलाची रक्कम वादात आहे असे लेखी कळवा. काही भरावेच लागले तर पावतीच्या मागे 'हक्क राखून, हरकतीसह भरणा' असे लिहून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा.

केसपेपर बिलासाठी अडवून ठेवता येत नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. मागणीचा अर्ज यजमानांच्या सहीने द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. बहुतेक लोक 'सर्व कागदपत्रे द्या' असा मोघम अर्ज करतात आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. तुम्ही नावे घेऊन मागा: कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीची) प्रक्रिया-नोंद, अँजिओग्राफीची सीडी, रात्रभराचा नर्सिंग चार्ट, निवासी डॉक्टरांच्या वेळेसह नोंदी, डॉप्लरचा अहवाल, संमतीपत्राची पूर्ण प्रत आणि उपकरणाचा स्टिकर.

हा स्टिकर म्हणजे उपकरणाच्या वेष्टनावरचे लेबल. मॉडेल, लॉट (एकाच वेळी बनलेल्या मालाचा गट) क्रमांक, वापराची अंतिम तारीख, उत्पादकाचे नाव, माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, हे सगळे त्यावर असते. स्टेंटचा स्टिकर केसपेपरवर चिकटवायची सवय आता बहुतेक कॅथलॅबना लागली आहे. क्लोजर डिव्हाइसचा मात्र पुष्कळदा गळतो, कारण त्याला किरकोळ साहित्य समजले जाते. तुमच्या बिलात ते वेगळ्या ओळीत आहे, म्हणजे त्याची खरेदी आणि साठ्याची नोंद रुग्णालयाकडे असणारच. स्टिकर नसेल तर वितरकाच्या चलनाची प्रत मागा. त्यावरची छापील किंमत आणि तुम्हाला लावलेली किंमत ताडून पाहा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असेल तर तो वेगळा मुद्दा होईल.

आता उपकरणाविषयी थोडे, कारण ते समजल्याशिवाय दावा नीट उभा राहत नाही. जांघेतल्या मोठ्या धमनीत साधारण दोन मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी घालतात, तिला ६ फ्रेंच म्हणतात. ती काढल्यावर पूर्वापार पद्धत म्हणजे हाताने पंधरा-वीस मिनिटे दाबून धरायचे आणि मग काही तास पाय सरळ ठेवून झोपवायचे. हा त्रास आणि वेळ वाचवण्यासाठी ही उपकरणे आली. काही धाग्याने भोक शिवतात, काही बाहेरून चिमटा लावतात. तुमच्या यजमानांना लावले त्या प्रकारात धमनीच्या आत एक छोटा विरघळणारा नांगर बसतो, बाहेरच्या बाजूला कोलॅजेन या प्रथिनाचे बूच आणि दोघांना बांधणारा धागा. साधारण तीन महिन्यांत हे सगळे शरीरात विरते. नांगर नेमका बसला नाही किंवा धमनीच्या फाट्यावर अडकला, तर कोलॅजेन आत जाऊन पायाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. हा धोका दुर्मिळ असला तरी सर्वांना माहीत आहे आणि अशा उपकरणांच्या सूचनापत्रात तो छापलेला असतो.

म्हणून रुग्णालयाचे 'माहीत असलेली गुंतागुंत' हे म्हणणे अर्धे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितले आहे की उपचार अपेक्षेप्रमाणे झाले नाहीत म्हणून आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. ग्राहक आयोगासमोर फक्त 'बूच आत सरकले' एवढेच मांडलेत तर मला तुमची काळजी वाटेल. धोका सगळ्यांना माहीत होता, तर तो ओळखून वेळेत हालचाल करण्याची जबाबदारीही तितकीच ठळक होते. तुमच्या दाव्याचा खरा भार रात्री अकरा ते सकाळी नऊ या तासांवर आहे. जांघेतून प्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पावलाची नाडी, उष्णता आणि रंग सुरुवातीला दर काही मिनिटांनी आणि मग ठरावीक अंतराने तपासून चार्टवर लिहिण्याची पद्धत आहे. गार पाय, मुंग्या आणि न लागणारी नाडी ही धमनी बंद झाल्याची लक्षणे नर्सिंगच्या शिक्षणात शिकवली जातात. रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू आणि नसा वाचवायला साधारण सहा तास हाती असतात असे मानले जाते. पहिली तक्रार ते डॉप्लर, तुमच्याकडे दहा तास गेले. चार्टमध्ये अकराच्या पुढे 'नाडी लागते' अशी नोंद असेल तर सकाळच्या डॉप्लरशी ती ताडून पाहू. नोंदच नसेल तर तेही बोलके आहे. आणि चार्ट नंतर सलग एकाच शाईत, एकाच हाताने लिहिल्यासारखा दिसला तर मूळ नोंदवही आयोगासमोर हजर करण्याचा अर्ज आपण पहिल्याच तारखेला देऊ.

दुसरा बळकट पुरावा अँजिओग्राफीच्या सीडीत असू शकतो. बूच लावण्याआधी जांघेतल्या धमनीचे चित्र रंगद्रव्य सोडून घ्यावे, भोक फाट्याच्या वर आहे ना, धमनी पुरेशी रुंद आहे ना, हे पाहावे, अशी काळजी या उपकरणांच्या बाबतीत घेतली जाते. मधुमेही माणसाच्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद किंवा कडक असू शकतात, म्हणून ही पाहणी त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाची. सीडीत ते चित्र आहे का आणि त्यात भोक कुठे दिसते, हे एखाद्या तटस्थ व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडून तपासून घ्या. त्यांचे लेखी मत मिळाले तर सोने. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात प्रत्येक वैद्यकीय दाव्यात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही असे म्हटले, पण तुमच्या प्रकरणात तांत्रिक भाग मोठा आहे, तिथे कंजुषी नको.

संमतीपत्राचे म्हणाल, तर २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की संमती म्हणजे उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजून दिलेली संमती. तुमच्या कागदावर क्लोजर डिव्हाइसचा उल्लेख आहे का? हाताने दाबण्याचा पर्याय कोणी सांगितला होता का? काही बुचांतले कोलॅजेन गुरांपासून मिळवलेले असते. ॲलर्जीच्या दृष्टीने ते सांगायला हवेच, आणि आपल्याकडे अनेक कुटुंबांना ते श्रद्धेच्या दृष्टीनेही आधी कळायला हवे असते. त्या छापील फॉर्मची पाने नीट वाचा. 'अँजिओप्लास्टी व तदनुषंगिक प्रक्रिया' एवढ्यावर ही जबाबदारी संपते असे मला वाटत नाही.

आता डॉक्टर की कंपनी. माझा सल्ला, दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा: रुग्णालय, प्रक्रिया करणारे डॉक्टर, आयातदार किंवा उत्पादक, आणि वितरक. एकट्या रुग्णालयावर गेलात तर ते गैरहजर कंपनीवर बोट ठेवेल आणि एकट्या कंपनीवर गेलात तर ती डॉक्टरांवर. दोघे एकाच टेबलाशी आले की प्रत्येकाचे लेखी म्हणणे दुसऱ्याविरुद्ध तुमच्या कामी येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनासाठी स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना यांसाठी उत्पादक जबाबदार धरता येतो. उत्पादकाचे नाव कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तर विक्रेताही सुटत नाही.

पण कंपनीकडे एक ढाल आहे आणि ती आधीच ओळखून ठेवा. त्याच कायद्याच्या कलम ८७ नुसार एखादे उत्पादन कायद्याने तज्ज्ञानेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरायचे असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला इशारे-सूचना देण्याची वाजवी व्यवस्था केली असेल, तर रुग्णाला इशारा दिला नाही म्हणून तिला दोषी धरता येत नाही. म्हणून नोटिशीत विचारायचे: या डॉक्टरांना हे उपकरण बसवण्याचे प्रशिक्षण कधी, कोणी दिले? तुम्ही लिहिलेत की त्या दिवशी कंपनीचा माणूस कॅथलॅबच्या दाराशी बॅग घेऊन उभा होता. तो आत होता का, काय सांगत होता, हे कॅथलॅबच्या नोंदवहीतून आणि तंत्रज्ञांच्या उलटतपासणीतून काढायचे आहे.

त्याच वेळी दुसऱ्या रुग्णालयाला आजच एक पत्र द्या. ऑपरेशनच्या नोंदीत 'धमनीच्या आत कोलॅजेन' असे लिहिले असेल तर ती ओळ तुमच्या दाव्याचा कणा आहे. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवला होता का ते विचारा. ओला नमुना काही आठवड्यांत टाकून दिला जातो, नमुना मेणात बसवून केलेला ठोकळा मात्र बराच काळ ठेवतात. तो नष्ट करू नये असे लेखी कळवा. उपकरणात दोष असल्याचा वाद झाला तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण नमुनाच नसेल तर काय पाठवणार?

घटनेची नोंद मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमातही करा. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. वैद्यकीय उपकरणाने झालेली इजा रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात, मोफत दूरध्वनी १८००-१८०-३०२४. यातून भरपाई मिळत नाही. पण वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे अनपेक्षित गंभीर इजेचा संशय असलेली घटना कळल्यापासून पंधरा दिवसांत परवानाधारकाने, म्हणजे उत्पादकाने किंवा आयातदाराने, ती परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायची असते. तुमची लेखी तक्रार कंपनीच्या हाती तारखेसह पडली की 'आम्हाला माहीतच नव्हते' म्हणायची सोय राहत नाही. त्याच लॉटचे उपकरण आणखी कोणाला लागले असेल, हेही विसरू नका.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात होईल. कोणत्या आयोगात जायचे हे तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तुमचे बिल तीन लाख चाळीस हजारांचे आहे, म्हणजे शुल्क नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल करता येते. खारघर-पनवेलचे वाचक इथे नेहमी चुकतात. तो भाग नवी मुंबईत गणला जातो पण जिल्हा रायगड आहे, म्हणून राहत्या ठिकाणावरून तक्रार करायची तर ती अलिबागला जाते. रुग्णालय वाशी-नेरूळचे असेल तर मात्र ठाणे जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची, त्यातले दहा महिने गेले. कायदा काही महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो, प्रत्यक्षात काही वर्षे धरून चला. घरखर्चाची आखणी त्या हिशोबाने करा.

तुमच्या दिरांना पोलिसांत गुन्हा नोंदवायचा आहे. त्यांचा संताप मला समजतो. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी कारवाईसाठी अत्यंत ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि त्याआधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे लागते. ते मत तुमच्याविरुद्ध गेले तर तेच ग्राहक आयोगात तुमच्यासमोर ठेवले जाईल. मी आत्ता तो मार्ग धरू नये असे सांगेन. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांच्या वर्तणुकीची तक्रार मात्र समांतर चालू शकते.

भरपाईच्या आकड्याची घाई नको. यजमानांच्या पावलाची नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घ्या, सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का पाहा, आणि कारखान्याकडून बिनपगारी रजेचा दाखला, गेल्या वर्षीच्या पगाराच्या पावत्या आणि 'उभ्याचे काम' असल्याचे पत्र घ्या. औषधे, रिक्षा, ड्रेसिंग, फिजिओथेरपी यांच्या पावत्या तारखेवार एका फाइलमध्ये लावा. रात्री अकरापासून काय घडले ते तुम्ही, मुलगा आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक यांनी वेगवेगळे, आपापल्या शब्दांत लिहून काढा. त्या रात्री मुलाने तुम्हाला केलेले फोन आणि व्हॉट्सॲप संदेश पुसू नका, त्यांवरच्या वेळा नर्सिंग चार्टशी ताडायच्या आहेत.