हेडसेटचे वजन आणि मानेचे दुखणे

प्रश्न : आम्ही इंटिरिअर डिझाइनचे काम करतो. ग्राहकांना नियोजित घर दाखवण्यासाठी मी रोज तीन-चार तास व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य दाखवणारे उपकरण) वापरतो. तासाभरात गालांवर वळ उठतात, मान आखडते, पावसाळ्यात काचांवर वाफ धरते, आणि काही ग्राहकांना मळमळते. हलका हेडसेट घ्यावा का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नवा घेण्याआधी हाताशी असलेल्या हेडसेटचा तोल तपासावा. उदाहरणार्थ, मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन साधारण ५१५ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढे आहे. पण ते जवळजवळ सगळे डोळ्यांपुढे लोंबत असल्यामुळे मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत तोलून धरावे लागते, आणि घसरू नये म्हणून आपण पट्टा आवळतो, त्याचेच वळ गालांवर उमटतात. त्यामुळे मागच्या बाजूला बॅटरी असलेला कडक पट्टा बसवल्यास एकूण वजन वाढूनही मानेला हलके वाटते. हेडसेट घालताना मागचा भाग डोक्याच्या उंचवट्याखाली टेकवावा, मग वरचा पट्टा ओढून भार डोक्यावर घ्यावा, आणि बाजूचे पट्टे शेवटी, हेडसेट घसरणार नाही इतकेच आवळावेत. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

वाफेचे कारण बहुधा आपल्या खोलीतला एसी आहे. गार पडलेल्या काचांवर घामेजल्या चेहऱ्याची दमट हवा बसते, म्हणून हेडसेट वापराआधी काही मिनिटे चालू ठेवून कोमट होऊ द्यावा आणि चेहरा कोरडा करावा. काचा कोरड्या मऊ कापडानेच पुसाव्यात, स्पिरिटने नव्हे.

हेडसेटच्या दोन काचांमधील अंतर प्रत्येक ग्राहकाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराशी (प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटर) जुळवून घ्यावे. दृश्य जवळचे असो वा लांबचे, डोळ्यांना एकाच ठरावीक अंतरावर नजर स्थिर करावी लागते, आणि हा ताण कोणत्याही पट्ट्याने कमी होत नाही; म्हणून दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटे हेडसेट काढून खिडकीबाहेर लांब पाहावे.

मळमळीचे म्हणाल, तर कसारा घाटात गाडी लागते ती बहुधा मागे बसलेल्याला, चालवणाऱ्याला नव्हे. इथेही तेच होते. ग्राहकाचे दृश्य आपण आपल्या कंट्रोलरने (हातातल्या बटणांच्या उपकरणाने) फिरवत असाल, तर ते आधी थांबवावे. त्याला स्वतः वळू द्यावे आणि एका खोलीतून दुसरीत सरकत नेण्याऐवजी दृश्य एका क्षणात बदलून थेट पुढच्या खोलीत नेण्याची सोय ठेवावी. तरीही मळमळ सुरू झालीच, तर ‘दोन मिनिटांत संपवतो’ असे म्हणून पुढे रेटू नये. हेडसेट लगेच काढावा आणि उरलेले घर साध्या पडद्यावर दाखवावे.