ओनरशिप घेऊनही फोटो उघडत नाहीत, कारण कुलूप दुसरंच आहे

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं, डी ड्राइव्हमधल्या फोटोंच्या फोल्डरची ओनरशिप घेतली, फुल कंट्रोलही दिला, तरी प्रत्येक फोटोवर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. फाइलींची नावं मात्र सगळी दिसतात. खरी गोम त्या नावांतच आहे.

नुसता परमिशनचा घोळ असता तर बहुतेक वेळा फोल्डरच उघडला नसता; परवानगी नाही असं सांगून विंडोजने ‘कंटिन्यू’चं बटण दाखवलं असतं. नावं दिसतात, आतलं उघडत नाही, याचा अर्थ बहुधा जुन्या विंडोजमध्ये कुणीतरी ईएफएस, म्हणजे फाइली कुलूपबंद करायची विंडोजचीच सोय, चालू केलं होतं. ते फाइलचा मजकूर एन्क्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतं, नाव नाही. ओनरशिपचा इथे काडीचा उपयोग नाही. सातबारा नावावर झाला म्हणून घरातली तिजोरी उघडत नाही.

आधी खात्री करा. एका फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलमधलं ॲडव्हान्स्ड. ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’वर टिक असेल तर निदान पक्कं. टिक काढायच्या फंदात पडू नका, तिथेही तोच नकार मिळेल. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर, स्लॅश सी (cipher /c) आणि पुढे फाइलचा पत्ता द्या. फाइल कोणत्या युजरला उघडता येते आणि त्याच्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे ओळखक्रमांक काय, हे दिसेल. तिथे जुन्या युजरचं नाव असेल. आता तुम्ही तेच नाव ठेवलं असलं तरी विंडोजच्या लेखी तुम्ही नवे.

हे फोटो उघडणारी किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, जुन्या प्रोफाइलमध्ये सी ड्राइव्हवर होती, तीही जुन्या पासवर्डने बांधलेली. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: सी फॉरमॅट केला होता का? नसेल तर सी वर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर सापडेल. तो आजच्या आज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण साधारण 10 दिवसांनी विंडोज तो आपणहून उडवतं. डिस्क क्लीनअप चालवू नका. त्यातल्या तुमच्या युजरच्या ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्टखाली क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सिस्टिम-सर्टिफिकेट्स हे तीन फोल्डर लाखमोलाचे. ते आणि जुना पासवर्ड हाताशी असेल तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला काम करायला जागा आहे.

फॉरमॅट झाला असेल तर पूर्वी कुणी पीएफएक्स फाइल, म्हणजे त्या किल्लीची जपून ठेवलेली प्रत, काढून ठेवली होती का, ते पेनड्राइव्ह, जुने मेल पालथे घालून बघा. तीही नसेल तर स्पष्टच सांगतो, हे फोटो गेले. एक्सपी सर्व्हिस पॅक 1 पासून ईएफएस मुळात 256 बिटांचं एईएस हे भक्कम एन्क्रिप्शन वापरतं. किल्लीशिवाय ‘आम्ही तोडून देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. त्यापेक्षा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर, जुन्या फोनवर शोधा. किल्ली शाबूत असताना ईएफएसची फाइल एफएटी32च्या (ईएफएस न चालणाऱ्या जुन्या फॉरमॅटच्या) पेनड्राइव्हवर कॉपी केली की ती उघडीच जाते, तेव्हा तशी एखादी प्रत कुठेतरी पडलेली असू शकते.

घरातल्यांपासून फोल्डर लपवायचा तुमचा दुसरा प्रश्न. ‘हिडन’ची टिक म्हणजे निव्वळ देखावा. प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड अकाउंट द्या, ॲडमिन एकटे तुम्ही राहा. एवढ्यानेच एकाचे डॉक्युमेंट्स दुसऱ्याला उघडत नाहीत. त्याहून जास्त हवं असेल तर व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरचा कंटेनर, म्हणजे पासवर्डने उघडणारी एन्क्रिप्टेड पेटी, करा. तो होम एडिशनवरही चालतो; ईएफएसची टिक तिथे करडीच दिसते. बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय, लॅपटॉप चोरीला गेला तर कामाचं, पण मशीन चालू होऊन ड्राइव्ह उघडला की घरातल्यांपासून आडोसा नाही. पुन्हा ईएफएसच वापरणार असाल तर त्याच दिवशी सायफर, स्लॅश एक्स (cipher /x) देऊन किल्ली पेनड्राइव्हवर काढा. आणि ॲडमिनकडून पासवर्ड रीसेट करू नका, जुना टाकूनच बदला. रीसेटमध्ये किल्ली अडकते.

विंडोज.ओल्ड आहे की नाही आणि जुना पासवर्ड आठवतो का, एवढं कळवा, मग पुढचं बोलू. पासवर्ड मात्र इथे लिहू नका.